दोन वाजताचा त्रिकोण

माझ्या काकांना सगळे काटकोन म्हणतात. समोर असले की काटकोन सर, पाठ फिरली की नुसतंच काटकोन. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं त्यांनी विद्युत यंत्रांची प्रयोगशाळा सांभाळली आणि तेवढ्या वर्षांत गुण्या न लावता काढलेली फेजर आकृती त्यांनी एकदाही स्वीकारली नाही. हाताने अंदाजे मारलेला काटकोन ते कोनमापक लावून मोजायचे. अठ्ठ्याऐंशी निघाला की जर्नल परत. "दोन अंश कुठे गेले? खाल्लेस?" एवढंच विचारायचे, पण भर वर्गात विचारायचे. घरीही तेच. चपला भिंतीला काटकोनात, वर्तमानपत्र टेबलाच्या कडेला काटकोनात, आणि बोलण्याचं तर विचारूच नका.

हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर मला यांनीच वाढवलं, शिकवलं, आणि नवऱ्याशी पटेना म्हणून मी लेकीला घेऊन परत आले तेव्हा एक अक्षर न विचारता आपली खोली आम्हाला रिकामी करून दिली. स्वतःची कॉट त्यांनी बाल्कनीला लागून असलेल्या अरुंद खोलीत हलवली. तिथे कॉट आणि ड्रॉइंग बोर्ड, तिसरी वस्तू मावत नाही. हे सगळं खरं असूनही सांगते, त्यांच्याबरोबर राहणं सोपं नाही. चुकीला माफी नसलेला माणूस घरात असला की घरात बारा महिने परीक्षा चालू असते.

फेजर आकृती म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सिंक्रोनस मोटर लाइनच्या तालावर फिरते. काका वर्गात सांगायचे, बापाचं बोट धरून चालणारं मूल समजा. ओझं वाढलं की मूल थोडं मागे पडतं, हात ताणला जातो, पण चाल तीच राहते. बोट धरायची ताकद मोटरला फील्डच्या, म्हणजे तिच्या आतल्या चुंबकाच्या, करंटमधून मिळते. पकड ढिली झाली की मूल आणखी मागे पडतं, आणि एका क्षणी हात सुटतो. त्याला स्टेप सुटणं म्हणतात.

हे सगळं कागदावर चार बाणांत मावतं. लाइनच्या व्होल्टेजचा बाण आडवा. करंटचा बाण त्याच्या वर किंवा खाली झुकलेला. लाइनच्या टोकापासून, करंटला बरोबर काटकोन करून, ड्रॉपचा बाण, म्हणजे मोटरच्या आत खर्ची पडणारं व्होल्टेज. आणि शेवटी मोटरचा स्वतःचा बाण, ज्याची लांबी फील्डच्या करंटवरून ठरते. लाइन, ड्रॉप आणि मोटर या तिघांचा त्रिकोण मिटायला हवा. मिटला नाही, तर मीटरवरून उतरवलेला कुठलातरी आकडा खोटा आहे.

त्यातही काकांचं आपलं वेगळंच शास्त्र. टिचून मिटलेला त्रिकोणही त्यांना चालायचा नाही. "काटा थरथरतो, तुम्ही मान वाकडी करून बघता, पेन्सिलीला जाडी असते. खऱ्या आकड्यांचा त्रिकोण दीड-दोन मिलिमीटर उघडा राहतो. ज्याचा टिचून मिटला त्याने आकडे घरी बसून केले." दुसऱ्या वर्षाला माझा असाच टिचून मिटला होता. पुतणी म्हणून सोडतील असं मला वाटलं होतं. तीनदा जर्नल परत केलं, सगळ्यांसमोर, आणि चौथ्यांदा स्वतः शेजारी उभं राहून वाचनं घ्यायला लावली. माझी सख्खी मैत्रीणसुद्धा तोंडावर वही धरून हसत होती.

शिकून मी पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये पॅनेल ऑपरेटर झाले. तिथे एक मोठी सिंक्रोनस मोटर शहराच्या वरच्या भागाला पाणी चढवते. काम कंटाळवाणं आहे हे मी कबूल करते. दर तासाला मीटर बघायचे आणि लॉगबुकात आकडे उतरवायचे. आकडे हलत नाहीत. महिनोन्महिने हलत नाहीत. म्हणून सगळे जण पुढच्या दोन तासांचे रकाने एकदमच भरून टाकतात. कुणी शिकवत नाही, कुणी मनाई करत नाही. नवीन माणूस पहिला आठवडा दर तासाला उठतो, मग शहाणा होतो.

त्या दिवशी बारा वाजता मी फील्डचा काटा पाहिला. चौऱ्याऐंशी अँपिअर. लिहिला. लगेच एकच्या आणि दोनच्या रकान्यांतही चौऱ्याऐंशी लिहिला आणि पॅनेलकडे पाठ करून बसले. छोटीच्या शाळेत नाटक होतं, तिच्या झग्याला झालर लावायची राहिली होती. छोटी म्हणजे माझी लेक. झालर चांगली आठ हात लांब होती.

दोन वीसला जमीन हादरायला लागली. मोटरचा आवाज एकसुरी असतो, इतका की ऐकूच येत नाही. तो एकदम चढउतार करायला लागला. मी वळून पाहिलं तर लाइनचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत होता. मांडीवर झगा, बोटात सुई, पायात दोऱ्याचा गुंता. लाल बटणापर्यंत पोचायला मला किती सेकंद लागले ते मला आजही सांगता येत नाही. पोचले तेव्हा जळक्या व्हार्निशचा वास हॉलभर झाला होता. स्टेप सुटली होती आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आतून भाजून निघाला होता.

चौकशी समिती बसली. मी लॉगबुक दिलं. बारा, एक, दोन, तिन्ही वेळा चौऱ्याऐंशी. कुणी मला विचारलं नाही की बाई, काटा पाहिला होता का. मी पण काही बोलले नाही. मी खोटं बोलले नाही, नुसती बोलले नाही, असं मी स्वतःला आठवडाभर बजावत होते.

माझ्या गप्प बसण्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार आहे ते मला नंतर कळलं. फील्डचा करंट ज्या गुंडाळीतून वाहतो ती रोटरची गुंडाळी सहा महिन्यांपूर्वी नव्याने भरून घेतली होती. ती भरणारा वायंडर एकट्याच्या जिवावर लहानसं वर्कशॉप चालवतो. समितीचं म्हणणं असं की फील्डचा करंट शेवटपर्यंत ठीक होता, लॉगबुक तसं सांगतं. मग बिघाड झाला तो वायंडरच्या गुंडाळीतच. भाजलेला रोटर उघडून काही सिद्ध करायची सोय नव्हती, सगळं कोळसा झालं होतं. ठपका बसला की त्याला पंपहाउसचं काम कायमचं बंद, आणि आमच्या दारात नाकारलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतो?

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो आमच्या घरी आला. मीच दार उघडलं. बोटं व्हार्निशने कायमची पिवळी पडलेली, खांद्याला कापडी पिशवी.

"सर आहेत का, ताई?"

काका बाहेर आले. तो बसला नाही. "सर, उद्या साहेबांनी तुम्हाला बोलावलंय असं ऐकलं. मी काही मागायला नाही आलो. फक्त एवढंच सांगायचं होतं, मी वेढे मोजून भरलेत. प्रत्येक पोलचे दोनदा मोजलेत. वही आणलीय."

"वही तुमच्याजवळच ठेवा," काका म्हणाले. "मी आकृती काढणार. ती जे सांगेल ते सांगणार."

"मग झालं," तो म्हणाला आणि तेव्हा कुठे खुर्चीत टेकला. मी त्याला चहा दिला. त्याने कप दोन्ही हातांनी धरला आणि मला म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून बरं ताई. दुसरं कुणी असतं तर बटण दाबायलासुद्धा सुचलं नसतं." मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या ओट्याशी कळलं.

काकांना समितीने बोलावलं होतं, कारण मोठे साहेब त्यांचे विद्यार्थी. ऑपरेटर सख्खी पुतणी आहे, असं समितीतल्या एकाने काढलं, तेव्हा मोठे साहेब म्हणाले म्हणे, काटकोन सर सख्ख्या आईचाही एक अंश इकडचा तिकडे करणार नाहीत. साहेबांनी त्यांना सबस्टेशनमधला कागदाचा रोळा पाठवला होता. तिथे एक पेन आपोआप करंट आणि लोड उमटवत असतं, त्याला माणूस लागत नाही. लाइनचे आकडे त्या रोळ्यावर होते. फील्डचा आकडा मात्र एकाच ठिकाणी होता, माझ्या लॉगबुकात.

वायंडर गेल्यावर काकांनी जेवणाचं टेबल पुसलं, कोरडं केलं, त्यावर ड्रॉइंग बोर्ड ठेवून ग्राफ पेपर चार टाचण्यांनी ताणला. छोटी खोडरबर धरून शेजारी बसली.

"आकडे वाच," ते मला म्हणाले.

मी आधी रोळ्यावरचे वाचले. बारा वाजता पंचाहत्तर अँपिअर. एक वाजता सत्तर. दोन वाजता ऐंशी. लोड तिन्ही वेळा तेवढाच.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "उतरला आणि मग चढला," ते म्हणाले, "लोड न बदलता." मला काय ते कळलं. फील्ड कमी कमी होत गेलं, तरच करंट असा तळ गाठून परत चढतो. त्याच वेळी त्याचा बाण लाइनच्या वरून खाली उतरतो. दुसऱ्या वर्षाचा धडा आहे, काकांनीच शिकवलेला.

"आता फील्ड."

"बारा वाजता चौऱ्याऐंशी," मी म्हणाले. त्यांनी बाराची आकृती काढली. लाइन आडवी, साडेनऊ सेंटिमीटर. करंट वर झुकलेला. गुण्या सरकवून काटकोन, कोपऱ्यात त्यांचा तो इवलासा चौकोन. मग कंपासात मोटरच्या बाणाची लांबी धरून कंस मारला. दीड मिलिमीटर उघडा. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मला म्हणाले, "हा काटा तू पाहिला आहेस." हे कौतुक होतं, आणि ते मला चटका बसल्यासारखं लागलं.

"दोन वाजता?"

"चौऱ्याऐंशी."

रोळा करंट किती ते सांगतो, कुठे झुकला ते सांगत नाही, म्हणून दोनच्या आकड्यांतून दोन आकृत्या निघतात, एकीत करंट लाइनच्या वर, दुसरीत खाली. त्यांनी दोन्ही काढल्या. वरच्या बाजूला कंस आठ मिलिमीटर आधीच थांबला. खालच्या बाजूला चार सेंटिमीटर पुढे निघून गेला. छोटी वाकून बघत होती. "आजोबा, हा बंदच होत नाहीये," ती म्हणाली.

"नाही होत," काका म्हणाले. "तू आत जा, अभ्यास कर."

ती गेल्यावर त्यांनी कंपास मिटवला. "गुंडाळीतले वेढे निकामी झाले असते तर तिचा अडथळा कमी झाला असता आणि फील्डचा करंट वाढला असता. काटा चढला असता. चौऱ्याऐंशीवर खिळा ठोकल्यासारखा बसला नसता. म्हणजे वायंडर सुटला. त्रिकोण मिटायला दोन वाजता फील्ड सत्तावन्नच्या आसपास पाहिजे. दोन वाजता काटा किती होता?"

"चौऱ्याऐंशी."

"तू पाहिलास?"

"लिहिलंय ना काका."

"लिहिलंस का, असं मी विचारलं नाही."

स्वयंपाकघरातला नळ टपकत होता. मी तो बंद करायला उठले आणि मधेच थांबले. मग जे आठवडाभर दाबून ठेवलं होतं ते बाहेर पडलं, पण शहाण्या माणसासारखं नाही, भांडल्यासारखं. "नाही पाहिला. एकलाही नाही आणि दोनलाही नाही. बारालाच तिन्ही रकाने भरले. सगळे भरतात. मी झालर लावत होते. झालं समाधान?"

त्यांनी पेन्सिल बोर्डाच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"उद्या तिथे सांगणार आहात ना? सांगा. मला काढून टाकतील. खोटी नोंद म्हणजे थेट घरी. मग या घराचं काय, छोटीचं काय, याचीही आकृती काढा. तुमचं काय जातंय, तुम्ही बापजन्मात कधी चुकला नाहीत."

"त्याने वेढे दोनदा मोजले," काका हळू म्हणाले. "तू एकदा मान वळवली नाहीस."

त्यांनी टाचण्या काढल्या, बोर्ड उचलला आणि त्या अरुंद खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून गुण्या कागदावर सरकण्याचा आवाज यायला लागला. सरकायचा, थांबायचा, रबराचा आवाज, परत सरकायचा. जेवायला हाक मारली तर "येतो" म्हणाले आणि आले नाहीत. मला वाटलं, माझ्या गुन्ह्याची फेअर कॉपी चालली आहे, सुबक, शाई भरून, समितीला दाखवायला. मला त्यांचा राग आला. खरा राग, लहानपणापासूनचा सगळा. या माणसाला माणसापेक्षा कोपरा प्यारा आहे, असं मी मनात म्हटलं आणि त्यांचं ताट झाकून ठेवलं.

सकाळी आम्ही बरोबर निघालो. ते एरवी पिशवी हातात झुलवत चालतात, त्या दिवशी काखेत दाबून धरली होती. रस्ता ओलांडताना मी सवयीने त्यांचा दंड धरला, त्यांनी तो धरू दिला.

साहेबांची खोली लहान होती. काचेचं टेबल, कपाटावर फायलींची चवड, वर पंखा. टेबलामागे मोठे साहेब, एका बाजूला स्टोअरचे साहेब, दुसऱ्या बाजूला आस्थापना विभागाच्या बाई, लिहायला वही घेऊन. वायंडर दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, वेढ्यांची वही मांडीवर, त्यावर दोन्ही पिवळे हात. माझं लॉगबुक टेबलावर त्या पानावर उघडून ठेवलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे. तिन्ही चौऱ्याऐंशी एकसारखे, एकाच दमात लिहिलेले दिसत होते. मला दिसत होते, बाकी कुणाला नाही.

"सरांचं आणि ऑपरेटरबाईंचं नातं आपल्याला माहीत आहे," मोठे साहेब म्हणाले, "पण सर नातं बघत नाहीत. हे मी खात्रीने सांगतो, दोनदा नापास झालोय." स्टोअरचे साहेब हसले. बाईंनीही मान खाली घालून हसून घेतलं. मग मोठे साहेब काकांकडे वळले. "सर, प्रकरण तसं स्पष्ट आहे. फक्त दोन वाजता फील्ड ठीक होतं एवढं आकृतीवरून दिसलं की आम्ही सही करून मोकळे. दोनची आकृती दाखवता?"

काकांनी पिशवी मांडीवर घेतली आणि हात आत घातला.

हात आतच राहिला. कागदांचा आवाज झाला, मग थांबला. परत झाला, परत थांबला. मी त्यांच्या शेजारी उभी होते, मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. ती उडत होती. चष्मा नाकावर घसरला होता आणि त्यांनी तो वर केला नाही. पंख्याने लॉगबुकाचं पान उचललं गेलं, साहेबांनी त्यावर पेपरवेट ठेवला.

"सर? सापडत नाही का?"

"आहे," काका म्हणाले, पण हात बाहेर आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वायंडरकडेही पाहिलं नाही. ते टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होते. माझ्या मनात आलं, हा माणूस मला चारचौघांत उघडं पाडायला कचरतोय. भर वर्गात तीनदा जर्नल परत करणारा माणूस कचरतोय, माझ्यासाठी. आणि दाराशी वायंडर बसल्या जागी इतका गच्च झाला होता की त्याची खुर्ची करकरली. मला ते सहन झालं नाही.

"साहेब, तो त्रिकोण मिटत नाही," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिलं वाक्य निघालं की बाकीची आपोआप येतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. "एक आणि दोनचे आकडे मी बारा वाजताच लिहिले होते. काटा पाहिला नव्हता. फील्ड बारापासून उतरत होतं, सबस्टेशनच्या रोळ्यावर दिसतंय, करंट आधी उतरला आणि मग चढला. मी एकला जरी मान वळवली असती तर मोटर बंद करायला वेळ होता. गुंडाळीत काही दोष नव्हता."

आस्थापनेच्या बाईंचं पेन थांबलं. "हे लिहून घेऊ?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी आधी काकांकडे पाहिलं.

तेव्हा काकांचा हात बाहेर आला. एकच कागद होता, चौघडी न केलेला, स्वच्छ. त्यांनी तो टेबलाच्या कडेला काटकोनात ठेवला. "बरोबर सांगते आहे ती," ते म्हणाले. "हे चार सेंटिमीटर बघा." आवाज बसला होता. पुढे त्यांनी सगळं समजावून सांगितलं, गुण्या, कंपास, सगळं, जसं वर्गात सांगायचे तसं, फक्त मधेमधे थांबत.

दुपारपर्यंत फील्डला करंट पुरवणारा एक्सायटर उघडून पाहिला गेला. एक कार्बन ब्रश झिजून जवळजवळ संपला होता, म्हणून फील्ड उतरत गेलं होतं. मला निलंबनाचं पत्र तिथेच मिळालं. पुढे काय व्हायचं ते पुढच्या सुनावणीत ठरेल, असं त्यात लिहिलं होतं. वायंडर आवाराच्या फाटकाशी थांबला होता. मला वाटलं काहीतरी सुनावेल, आणि मी ऐकून घ्यायला तयार होते. त्याने सुनावलं नाही, आभारही मानले नाहीत. "आठवडाभर मला झोप नाही, ताई," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर काका तसेच, बाहेरच्या कपड्यांतच, कॉटवर आडवे झाले. एक चप्पल दारात उलटी पडली होती, दुसरी मधल्या वाटेत. सतरा वर्षं मी या घरात आहे, मधली लग्नाची सोडून, पण हे कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. त्यांची गोळी पिशवीत असते म्हणून मी पिशवी उघडली. गोळीच्या डबीखाली आणखी एक कागद होता.

दोन वाजताची आकृती. शाई भरलेली, सुबक. करंट लाइनच्या वर झुकलेला. आणि त्रिकोण मिटलेला होता. टिचून नाही. दीड मिलिमीटर उघडा, खऱ्या वाचनाचा असतो तसा. मोटरच्या बाणावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, फील्ड चौऱ्याऐंशी. दोन वाजता सगळं ठीक होतं, असं तो कागद सांगत होता. म्हणजे पुढच्या वीस मिनिटांत जे झालं ते वायंडरच्या गुंडाळीतच झालं, आणि साहेब सही करून मोकळे.

मला समजेना. वरच्या बाजूला आठ मिलिमीटर कमी पडत होते, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी कागद खिडकीशी नेला. ड्रॉपची रेषा करंटला मिळते त्या कोपऱ्यात त्यांचा इवलासा चौकोन होता, नेहमीसारखा नेटका. त्याच्या खाली खोडलेल्या रेषा होत्या, एकावर एक, पाच-सहा तरी. मी बोर्डावरचं कोनमापक उचललं आणि त्या कोपऱ्यावर ठेवलं.

एकोणऐंशी.

मी परत ठेवून पाहिलं. एकोणऐंशीच. दोन्ही कागद पिशवीत होते. साहेबांच्या खोलीत त्यांचा हात दोन्हींवर होता, आणि मी बोलले नसते तर कुठला बाहेर आला असता ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"मोजलास?" कॉटवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"हो."

"मग फाडून टाक."

मला विचारायचं होतं, अकरा अंश कुठे गेले काका. तोंडापर्यंत आलं होतं. विचारलं नाही, कारण कुठे गेले ते माझ्या मागे दारात उभं होतं, झालर लावलेल्या झग्यात, आजोबांना बरं नाही का म्हणून विचारत. मी तिला गप्प बस अशी खूण केली, त्यांना गोळी आणि पाणी दिलं, आणि त्यांच्या दोन्ही चपला उचलून भिंतीशी नीट लावून ठेवल्या. कागद मी फाडला नाही.